अण्णांचे मोर डावीकडे का वळले

आमच्या धंद्यात दोन प्रकारच्या चुका असतात. एक, कॉम्प्युटर ओरडून सांगतो ती. दुसरी, कॉम्प्युटर गुपचूप गिळतो ती. पहिल्या प्रकारच्या चुकांच्या गोष्टी मी लग्नात, बारशात, अगदी स्मशानातल्या बाकावर बसूनही सांगितलेल्या आहेत. लोक हसतात, मला चेव येतो, मी हातवारे करतो, बायको डोळे वटारते. दुसऱ्या प्रकारातली एक चूक अलीकडे घडली आणि ती सांगायला लागलो की माझा आवाज बसतो. माझा आवाज बसणं ही काय चीज आहे हे सोलापुरात मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून लिहून देतोय. लिहायला आवाज लागत नाही.

मी अक्षरजुळणी करतो. गणिताच्या प्राध्यापकांचे प्रबंध, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका, अक्कलकोटकडच्या एखाद्या संस्थेची मराठी-कानडी स्मरणिका, असली किचकट कामं माझ्याकडे येतात. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे करतो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचा उच्चार कसा करायचा यावरून माझ्या दुकानात दोन प्राध्यापकांची मैत्री तुटलेली आहे.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याची मजा अशी की मूळ यंत्रणेला जवळजवळ काहीच येत नाही. देवनागरी येत नाही, रंग येत नाहीत, धड चौकट आखता येत नाही. हे सगळं तिला पॅकेजं शिकवतात. पॅकेज म्हणजे कुणीतरी एखाद्या कामापुरती लिहून ठेवलेली रीत. जगभरच्या हौशी माणसांनी अशी हजारो पॅकेजं लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. बुद्धिबळाचा पट मांडणारं पॅकेज आहे, शब्दकोडं आखणारं आहे, रसायनातल्या साखळ्या काढणारं आहे. कागदावर कपाच्या बुडाचा ओला गोल डाग छापणारंसुद्धा एक आहे! ते मी एकदा एका अतिटापटीप प्राचार्यांच्या प्रूफावर वापरलं होतं. प्राचार्यांनी खिशातून रुमाल काढला, डाग पुसला, थुंकी लावून पुसला, मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो. ते गिऱ्हाईक पुढे दोन वर्षं आलं नाही, पण मला वाटतं ते परवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही हजारो पॅकेजं ढिगात पडलेली नसतात. त्यांचं एक झाड असतं. एका फांदीवर फॉन्ट, दुसरीवर माहितीपुस्तिका, तिसरीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या फायली, आणि प्रत्येक फांदीवर प्रत्येक पॅकेजला स्वतःच्या नावाचं एक घरटं. बसवणाऱ्याला सोपं जावं म्हणून पॅकेजांचे संच बांधलेले असतात: भाषांचा संच, गणिताचा, चित्रांचा. त्या संचांच्याही पुन्हा तीन-चार पंगती: लहान, मध्यम, संपूर्ण. शहाणा माणूस मध्यम घेतो. सोलापूरकर संपूर्ण घेतो आणि वर शेंगाचटणी आहे का विचारतो.

पण झाड एकच नसतं. एक मोठं झाड, वितरण करणाऱ्यांनी लावलेलं. त्याला आपण हात लावायचा नाही, कारण नवी आवृत्ती आली की ते आपल्या खुणा पुसून टाकतं. दुसरं त्या एका कॉम्प्युटरपुरतं. आणि तिसरं वापरणाऱ्याचं घरचं झाड, घराच्या कोपऱ्यातल्या कुंडीसारखं. त्यात आपलं आपण काहीही लावावं. सॉफ्टवेअरला एखादं पॅकेज हवं असलं की ते आधी घरच्या झाडावर बघतं, मग कॉम्प्युटरच्या, मग मोठ्या. नाव जुळलं की शोध थांबला. आत काय लिहिलंय हे ते तपासत नाही. फक्त नाव बघतं.

म्हणूनच या दुनियेत एक शिस्त आहे आणि ती बहुतेक पॅकेजांच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते: यात बदल करायला तुम्ही मोकळे आहात, मात्र बदललेल्या फाइलला हेच नाव ठेवू नका. नाव बदललं की तुमची फाइल वेगळी आणि मूळ फाइल वेगळी. कुठे काय वापरलंय ते कळतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यशाळेत मी या एका नियमावर व्याख्यान दिलं होतं. टेबलावर दोन सारख्या बरण्या ठेवल्या, दोन्हींवर 'साखर' लिहिलं, एकीत मीठ भरलं आणि एका प्राध्यापकाला त्यातली चिमूट टाकून चहा पाजला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. पोरांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं.

हे सगळं सांगतोय ते फुशारकीसाठी नाही. नियम मला ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये, म्हणून.

नरसय्या अण्णा माझ्याकडे आले ते हातात चादरींचं एक गाठोडं घेऊन. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकरांचं घर, सगळं आयुष्य चादरींच्या नक्षी काढण्यात गेलेलं. सोलापुरी चादरीवर जो मोर, हत्ती, पोपट दिसतो तो आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढलेला असतो. एक घर म्हणजे विणीतला एक ठिपका. तो काढणारा नक्षीकार. अण्णांच्या हातचे कागद ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, कागद रद्दीत गेले. उरल्या होत्या त्या घरातल्या जुन्या चादरी. त्या चादरींवरून नक्षी पुन्हा कागदावर आणून पुस्तक करायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं.

"मालक," ते म्हणाले, "चादर फाटती. कागद बी फाटतो. पुस्तक मात्र कुणाच्या तरी घरात ऱ्हातंच की."

मी भारावलो. भारावलो की मी काम घेतो, मग डोकं लावतो. मोठ्या झाडावर शोधलं तर चौकटींची नक्षी आखणारं एक पॅकेज मिळालं. ते कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंनी स्वेटर विणणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. एक अक्षर टाइप केलं की एक रंगीत घर. झकास! एकच भानगड होती. स्वेटराची वीण उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे टाइप केलेलं पहिलं अक्षर ते पॅकेज उजव्या टोकाला बसवायचं. आमचे अण्णा डावीकडून सांगणार.

मी फाइल उघडली. बदल एका ओळीचा होता. मोठ्या झाडाला हात लावायचा नाही, एवढं मी पाळलं. पॅकेजची प्रत घरच्या झाडावर आणली, ती ओळ बदलली, आणि नाव तेच ठेवलं.

का? मी याचं उत्तर फार शोधलं. नाव बदललं असतं तर पुस्तकाच्या मुख्य फाइलीत एक शब्द बदलावा लागला असता. एक. तेवढाही कंटाळा आला असं नाही. मला वाटलं, आपल्याला काय गरज? नियम शिकाऊंसाठी असतो. मी तर त्यावर व्याख्यान देतो.

पुढचे काही महिने फार छान गेले. माझ्या दुकानात ज्योती काम करते. दोन शाळकरी मुलांची आई, टाइपिंगचा वेग असा की कीबोर्डवर फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो. अण्णा तिच्या शेजारी चादर पसरून बसायचे, भिंग लावायचे आणि घरं मोजायचे. मोजायचे तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू म्हणजे एक, दोन, तीन.

"मूडू तांबडं. ओकटी पांढरं. रेंडू तांबडं."

"अण्णा, सावकाश की. माझी बोटं आहेत, तुमचा माग नव्हे."

"माग असता तर आतापर्यंत चादर झाली असती, पोरी."

आठवड्याभरात ज्योती तेलुगूत मोजायला शिकली. घरी मुलाचा पाढा घेतानाही मूडू म्हणते अशी तक्रार तिच्या नवऱ्याने माझ्याकडे केली.

सोलापुरी चादरीची एक खुबी इथे सांगायला हवी. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. उलट बाजूवर तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली आणि दिशा फिरलेली. सुलट बाजूवर मोर उजवीकडे बघत असेल तर उलट बाजूवर डावीकडे. त्यामुळे नक्षी वाचायला बसणाऱ्याने आधी सुलट बाजू कुठली ते बघायचं, हा या कामातला पहिला धडा. उलट्या बाजूवरून नक्षी उतरवणं ही शिकाऊ पोराची चूक. ती केली की कारखान्यात आठवडाभर त्याची चेष्टा चालायची. अण्णा दर वेळी चादर पसरण्याआधी तिच्या काठावरून बोट फिरवत, एकदा पलटून बघत, मग बसत.

"तुमचे सगळे मोर उजवीकडेच का बघतात, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"मी बसायचो तितं खिडकी उजवीकडं होती."

पहिली प्रूफं निघाली. अण्णांनी भिंग लावून एकेक घर तपासलं. मोर उजवीकडे बघत होते. सगळं बरोबर होतं. त्यांनी मला पेढा दिला.

मग उन्हाळ्यात विजेने एक झटका दिला आणि माझा कॉम्प्युटर गेला. नवा घेतला. संपूर्ण पंगत पुन्हा बसवली. पुस्तकाच्या फायली वेगळ्या डिस्कवर जपलेल्या होत्या, त्या आणल्या. घरचं झाड मात्र जुन्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात राहिलं. मी त्याची प्रत कधी ठेवलीच नव्हती. खरं म्हणजे त्या झाडावर मी काही लावलंय हेच विसरलो होतो.

नव्या कॉम्प्युटरवर छापखान्यासाठीची शेवटची प्रत काढली. सॉफ्टवेअरने पॅकेजचं नाव घेऊन घरच्या झाडावर बघितलं, तिथे काही नव्हतं. मोठ्या झाडावर बघितलं, तिथे त्याच नावाचं मूळ पॅकेज होतं. त्याने ते उचललं. मी नाव बदललं असतं तर या क्षणी ते ओरडलं असतं, 'असलं पॅकेज सापडत नाही.' मी कपाळावर हात मारला असता आणि तुम्हाला पहिल्या प्रकारची एक मजेदार गोष्ट सांगितली असती. ते ओरडलं नाही. सगळे मोर, हत्ती, पोपट डावीकडे तोंड करून छापखान्यात गेले.

आणि आमच्या लक्षात आलं नाही. मोर उलटा टांगलेला असता तर दिसला असता. हा पायांवर नीट उभा होता, पिसारा होता, चोच होती. ज्योतीने पृष्ठक्रमांक तपासले, मी शीर्षकं तपासली. मोराचं तोंड कुठे आहे ते कोण बघतो?

पुस्तक झालं. विणकर समाजाच्या सभागृहात छोटा समारंभ झाला, अण्णांना शाल मिळाली, मी भाषण केलं. काय भाषण केलं! 'नक्षीकाराच्या बोटांतला मोर आज अक्षर झाला' असलं काहीतरी बोललो. अण्णांच्या बायकोने, लक्ष्मीअम्मांनी, पदराने डोळे पुसले. व्यासपीठावर अण्णांनी पुस्तक उघडलंच नाही. मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, मोराचं पान उघडलं.

"मालक, मी उलटं सांगितलं."

"म्हणजे?"

"चादरीच्या उलट्या बाजूवरनं सांगितलं. हे बगा. समदे डावीकडं बगायलेत."

मी पान बघितलं. खरंच, डावीकडे. मला एवढंच वाटलं, की म्हाताऱ्याकडून चूक झाली. वाईट वाटलं, पण अगदी खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आपली नाही ना.

"पर प्रूफात तर बरोबर होतं ना?" अण्णांनी विचारलं. फार आशेने विचारलं. "मी बगितलंय. मला याद हाय."

प्रूफं रद्दीत गेली होती. आणि मी, ज्याने फायलींना हात लावलेला नव्हता, ज्याला खात्री होती की फाइल आपणहून फिरत नाही, तो मी ऐटीत म्हणालो, "अण्णा, कॉम्प्युटर जे सांगितलं तेच छापतो. प्रूफातही असंच असणार. तुम्हाला वाटतंय तसं."

ज्योती मागून म्हणाली, "दादा, अण्णा दर वेळी चादर पलटून बघायचे. माझ्यासमोर. ते चुकणार नाहीत."

"अगं, वय होतं माणसाचं," मी म्हणालो. अण्णांसमोर. प्रेमाने म्हणालो, खांद्यावर हात ठेवून म्हणालो. तो हात अजून माझा मला आवडत नाही.

अण्णा गेले. ते सरळ माणूस. चूक झाकली नाही. ज्या चहाच्या टपरीवर ते आणि त्यांच्या बरोबरीचे जुने विणकर बसत, तिथे स्वतःच जाऊन सांगितलं. म्हाताऱ्यांना वर्षभराची करमणूक मिळाली. "अण्णा, बशी सुलटी धरा, चहा सांडतोय." "अण्णाला विचारू नका, घराकडं निघाला तर अक्कलकोटला पोचेल." मीही एकदा त्या टपरीवर होतो. मीही एक टोमणा मारला. सगळ्यांत जास्त हशा माझ्याच टोमण्याला पडला. काय होता तो लिहीत नाही.

मग अण्णा टपरीवर दिसेनासे झाले. एका कारखानदाराला जुन्या पद्धतीची नवी नक्षी हवी होती, त्याने अण्णांना बोलावलं. कितीतरी वर्षांनी असं बोलावणं आलेलं. अण्णांनी नाही सांगितलं. काम इचलकरंजीच्या कुणा कॉम्प्युटरवाल्याकडे गेलं. हे मला लक्ष्मीअम्मांनी बाजारात सांगितलं.

"डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले हायत. तवापासनं जास्तच बिगडलं. म्हणतात, डोळे चांगले हायत म्हंजे डोस्कं गेलं. रोज रात्री अंथरूण घालताना मला विचारतात, सुलटी बाजू कुठली. ज्यानं ती चादर काढली, तो मला विचारतो, भाऊ. मी काय सांगू?"

मी म्हणालो, "होईल बरं." भाजीच्या पिशवीकडे बघून म्हणालो.

तो जुना कॉम्प्युटर दुरुस्त होऊन परत आला तो केवळ एका कॉलेजच्या हट्टापायी. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्यात अडकल्या होत्या. तो मी ज्योतीला दिला. एक दिवस तिला अण्णांच्या पुस्तकातलं एक पान मोठं करून हवं होतं; समाजाच्या वसतिगृहाने भिंतीवर लावायला मागितलं होतं. तिने आपल्या टेबलावर, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरवर, ते काढलं आणि छापून माझ्यासमोर आणून ठेवलं. शेजारी पुस्तक उघडून ठेवलं.

पुस्तकातला मोर डावीकडे बघत होता. कागदावरचा उजवीकडे.

"फाइल तीच?" मी विचारलं.

"तीच. तुमच्या डिस्कवरून घेतली."

"मग तू काही बदललंस?"

"मी कशाला बदलू, दादा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही बदललं होतं का काही? पॅकेजात?"

मी तिच्या खुर्चीत बसलो. घरच्या झाडावर गेलो. तिथे एकच घरटं होतं. ते उघडलं, ती ओळ बघितली, वर त्या परदेशी बाईंची सूचना होती, बदलाल तर नाव बदला. ज्योतीने माझ्या खांद्यावरून ती वाचली.

"कार्यशाळेत तुम्ही साखरेच्या बरण्या ठेवल्या होत्या ना," ती म्हणाली. चिडून नाही. नुसती आठवण झाल्यासारखी.

दुपारीच आम्ही दोघं अण्णांच्या घरी गेलो. लक्ष्मीअम्मा उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळत होत्या. "कूर्चोंडी," त्या म्हणाल्या, म्हणजे बसा, आणि आत बघून अण्णांना हाक मारली. अण्णा बाहेर आले. दाढी वाढलेली. मी आयुष्यभर नाटकी बोलणारा माणूस; त्या दिवशी एक वाक्य धड निघेना. तो कागद आणि पुस्तक समोर धरलं, चूक माझी आहे, तुम्ही बरोबर सांगितलं होतं, एवढं कसंबसं म्हणालो.

अण्णांनी दोन्ही बघितलं. मग माझ्याकडे बघून हसले, आजारी माणूस भेटायला आलेल्याकडे बघून हसतो तसं.

"मालक, मला बरं वाटावं म्हनून करायलाव ना?"

"नाही अण्णा, देवाशप्पथ."

"तुमीच म्हनला होता, कॉम्प्युटर सांगितलं तेच छापतो. आता कॉम्प्युटर फिरवून बी छापतो व्हय? ऱ्हाऊ द्या. लई जीव लावला तुमी."

माझ्याच शब्दांनी मला दारातून परत पाठवत होते, आणि वर प्रेमळ समजत होते. ज्योतीने चपला घालायच्या सोडून अण्णांच्या समोर जमिनीवर बसकण मारली.

"अण्णा, दादांवर भरवसा ठेवू नका," ती म्हणाली. "माझ्यावरही नको. एक चादर घ्या, दुकानात चला. सुलट बाजू अम्मा दाखवतील. तुम्ही सांगा, मी टाइप करते. मग बघू कोण फिरवतंय."

लक्ष्मीअम्मांनी सूप बाजूला ठेवलं. "पदा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. चला. आणि स्वतःच आतून चादर घेऊन आल्या. अण्णांना 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नाही.

दुकानात चादर टेबलावर पसरली. लक्ष्मीअम्मांनी सुलट बाजू वर केली. पोपटाची नक्षी होती. अण्णांनी भिंग हातात घेतलं. "ओकटी हिरवं," ते म्हणाले आणि थांबले, बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. "मूडू पांढरं." ज्योती टाइप करत गेली. पोपटाचं डोकं आणि चोच झाल्यावर ती थांबली. तिने ते जुन्या कॉम्प्युटरवर काढलं. पोपट चादरीवर जिकडे बघत होता तिकडेच, उजवीकडे. मग तीच फाइल, अण्णांच्या डोळ्यांसमोर, एक अक्षर न बदलता, माझ्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली. पोपट डावीकडे.

अण्णा एका पडद्याजवळून दुसऱ्याजवळ गेले. परत आले. पुन्हा गेले.

"ह्यात माजं काय चुकलं?"

"काही नाही, अण्णा."

"मी उलटं सांगितलं न्हाई?"

"नाही. तुम्ही बरोबर सांगितलं. मी पॅकेज बदललं आणि त्याला जुनंच नाव ठेवलं. माझी चूक."

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. लक्ष्मीअम्मांकडे बघून सांगितलं, ज्योतीकडे बघून सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. माझा अपमान करायला नाही, गोड गाणं पुन्हा लावायला सांगावं तसं. मग ते खुर्चीत बसले, डोळ्यांवर तळहात धरले आणि बायकोशी तेलुगूत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. ज्योतीला तेवढं तेलुगू येत नाही. लक्ष्मीअम्मा रडत होत्या आणि त्याच वेळी त्यांना रागावतही होत्या, एवढं कळलं.

मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. कारखान्याचं काम गेलं होतं, टपरी सुटली होती, एक माणूस महिनोन्महिने स्वतःला वेडा समजत होता. मी म्हणालो, पुस्तक मी पुन्हा छापून देतो, घरोघर जाऊन जुनी बदलून आणतो. अण्णांनी ते ऐकलंसुद्धा नाही. उठले, माझे दोन्ही हात हातात घेतले.

"लई उपकार केले, मालक," ते म्हणाले. "दुसरा कोन असता तर गप बसला असता."

पुस्तक पुन्हा छापलं. पॅकेजला आता वेगळं नाव आहे, ज्योतीने ठेवलेलं. मोर उजवीकडे बघतात. अण्णा टपरीवर परत गेले, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. त्यांनी तिथे जी हकिगत सांगितली ती अशी: कॉम्प्युटरमध्ये फार खोल एक बिघाड होता, मोठमोठ्यांना सापडला नसता, आपल्या मालकाने शोधून काढला. आता पूर्व भागातून गिऱ्हाइकं येतात, अण्णांचं नाव सांगतात. मी त्यांना दारातच सांगतो, चूक मी केली होती आणि शोधून काढली ती ज्योतीने. ज्योती पलीकडून मान डोलावते. लोक हसतात आणि खुर्ची ओढून बसतात.

परवा एक विणकर आला, नातवाच्या बारशाची पत्रिका करायची होती. त्यालाही मी सगळं सांगितलं, नाव न बदलल्याचं, टपरीवरच्या टोमण्याचं, खांद्यावरच्या हाताचं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि समाधानाने म्हणाला, "अण्णा बोललेच होते. मालकाला इचारलं की समदं सवताच्या अंगावर घेतात म्हनून."